‘एफी ब्रीस्ट’ वाचताना पडलेला प्रश्न: मुख्य घटनाच पानांवर का नाही?

नौपाड्याची वाचक:

नमस्कार. नौपाड्यात आम्ही सातजणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणा एकीच्या घरी जमतो आणि महिनाभरात वाचलेल्या एका कादंबरीवर बोलतो. या वेळी थिओडोर फोंटाने या जर्मन कादंबरीकाराची ‘एफी ब्रीस्ट’ आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचली. चर्चा पुष्कळ झाली, पण माझे समाधान झाले नाही, म्हणून प्रश्न येथे मांडते आहे.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. सतरा वर्षांची एफी बागेत मैत्रिणींबरोबर खेळत असताना तिला घरात बोलावून सांगितले जाते की अडतीस वर्षांच्या बॅरन इनश्टेटेनने तिला मागणी घातली आहे. हा गृहस्थ एकेकाळी तिच्या आईच्याच प्रेमात होता. लग्न होऊन ती बाल्टिक समुद्राकाठच्या केसीन नावाच्या लहानशा गावी जाते. नवरा वाईट नाही, पण तो सतत कामात आणि बढतीच्या विचारात. घर मोठे, आणि त्यात एका चिनी माणसाचे भूत वावरते असा बोलवा. तेथे मेजर क्राम्पासशी तिचे संबंध जुळतात, पुढे नवऱ्याची बदली बर्लिनला होते आणि ते प्रकरण संपते. सहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर जुनी पत्रे नवऱ्याच्या हाती लागतात. द्वंद्वयुद्धात क्राम्पास मारला जातो, एफीला घटस्फोट मिळतो, मुलगी आनी बापाकडे राहते आणि एफी तिशीच्या आतबाहेरच्या वयात माहेरी मरण पावते.

आता प्रश्न. एफी आणि क्राम्पास यांच्यात काय घडले, किती दिवस चालले, हे लेखक सांगतच नाही. बर्फातून धावणाऱ्या घसरगाडीत तो तिचे नाव हळूच उच्चारतो आणि तिची चुंबने घेतो, एवढेच आपल्यासमोर घडते. माझ्या हातून एखादे प्रकरण सुटले असावे असे वाटून मी मागची पाने पुन्हा वाचली, पण तेथे काहीच नव्हते. द्वंद्वयुद्धही काही ओळींत उरकते. उलट जेवणाच्या टेबलावरील बोलणी, पाहुण्यांच्या भेटी, आईबापांचा संवाद यांना पानेच्या पाने दिलेली आहेत. आमच्यातल्या एकीचे म्हणणे असे की १८९५ साली याहून अधिक लिहिणे शक्यच नव्हते, दुसरीला हा सरळ सरळ कादंबरीचा दोष वाटतो. फोंटानेला जर्मन वास्तववादाचा मोठा प्रतिनिधी मानतात, मग जीवन जसे आहे तसे दाखवणारा लेखक नेमकी मध्यवर्ती घटनाच का गाळतो? आणि ती पत्रे एफीने जाळून का टाकली नाहीत? आम्हा सातजणींपैकी एकीलाही हे पटले नाही.

जर्मन शिकवणारी, ठाणे:

ताई, तुमचा प्रश्न फार योग्य ठिकाणी बोट ठेवतो. माझ्याकडे जर्मन शिकायला येणारे विद्यार्थी हे पुस्तक वाचू लागले की प्रत्येक तुकडीत कोणीतरी तो विचारतेच.

काळाच्या भीतीने लेखकाने हात आखडता घेतला, हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. १८८७ साली फोंटानेची ‘इर्रुंगेन, विर्रुंगेन’ ही कादंबरी बर्लिनच्या ‘फॉसिशे त्साइटुंग’ या दैनिकात क्रमशः छापली गेली. त्यात इस्त्रीकाम करून पोट भरणारी लेने आणि बोथो नावाचा सरदार घराण्यातील तरुण अधिकारी लग्नाविना एकत्र रात्र घालवतात, आणि लेखक लेनेला कोठेही शिक्षा देत नाही. त्यावर मोठा गहजब झाला आणि पत्राच्या मालकवर्गातूनच ही कथा संपणार तरी कधी असा संतप्त सवाल आला. इतके सोसलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर भिऊन लिहील असे मला वाटत नाही.

वास्तववादाविषयी त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच १८५३ साली त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वास्तववाद म्हणजे रोजच्या आयुष्याची नक्कल नव्हे, आणि त्यातल्या दैन्याची व काळ्या बाजूची नक्कल तर मुळीच नव्हे, असे त्यात तो बजावतो. जीवन ही संगमरवराची खाण आहे, असंख्य मूर्तींचा ऐवज तिच्या पोटात आहे, पण तो बाहेर काढायला कारागिराची नजर आणि हात लागतात, हा त्या निबंधातला दृष्टांत. खाणीतला कोणता दगड ठेवायचा आणि कोणता टाकायचा हा निर्णय ‘एफी ब्रीस्ट’मध्ये तो प्रत्येक पानावर घेत असतो.

आता त्याने काय ठेवले ते पाहा. केसीनमध्ये एफीला अचानक रोज एकटीने फिरायला जाण्याची आवड लागते. घरी सांगितलेल्या वाटेवर दाई रोझविटा तिला आणायला जाते तेव्हा दोघींची चुकामूक होते. बर्लिनला बदली झाल्याचे कळते तेव्हा एफीला झालेला आनंद जरुरीपेक्षा इतका जास्त असतो की इनश्टेटेनच्या मनात क्षणभर काहीतरी डोकावून जाते. घर शोधायला म्हणून ती बर्लिनला जाते आणि पुन्हा केसीनला परतावे लागू नये यासाठी आजाराचे सोंग करून अंथरूण धरते. त्या वेळी आलेले वृद्ध डॉक्टर रुमश्युटेल नाडी पाहतात, औषध लिहून देतात आणि मनात काय ओळखायचे ते ओळखून काही बोलत नाहीत. मला तो डॉक्टर पुस्तकातला सर्वांत सुसंस्कृत माणूस वाटतो. पुढे एफी एकटी असताना स्वतःशी कबूल करते की जी शरम वाटायला हवी तशी तिला वाटत नाही, तिला छळते ती उघडकीला येण्याची भीती आणि सततच्या खोटेपणाची लाज. ज्या घटनेविषयी घरात, गावात, पत्रात कोणालाही एक शब्द उच्चारता येत नाही ती घटना लेखकही उच्चारत नाही, म्हणून वाचक एफीइतकाच त्या गुपिताच्या ओझ्याखाली वावरतो. ते प्रकरण वर्णन करून सांगितले असते तर आपण प्रेक्षक झालो असतो, येथे आपण साक्षीदार होतो.

चिनी माणसाच्या भुताचेही तसेच आहे. ते खरे की खोटे हे फोंटाने शेवटपर्यंत सांगत नाही. क्राम्पास मात्र एफीच्या कानात भरवतो की तरुण बायकोला धाकात ठेवण्यासाठी इनश्टेटेन या भुताचा हिशेबाने उपयोग करतो. ते भूत शोभेपुरते नसून सगळी कथा त्याभोवती फिरते, असे फोंटानेने एका पत्रात लिहिले आहे.

पत्रे का जाळली नाहीत, हा तुमचा प्रश्न पुस्तकातलेच एक पात्र विचारते. एम्स येथे हवापालटासाठी गेलेल्या एफीच्या सोबतीला असलेली त्स्विकर नावाची बाई आपल्या मैत्रिणीला लिहिते की शेगड्या आणि चुली असतात तरी कशासाठी. लेखकाने तुमची शंका आधीच ओळखली आणि तरीही उत्तर दिले नाही. माझ्या मते एफीने ती पत्रे प्रेमाने जपलेली नाहीत. ती उघडून वाचणे आणि आगीत टाकणे या दोन्ही गोष्टींसाठी त्यांना हात लावावा लागला असता, आणि तेवढेच तिच्याने झाले नाही.

मूळ जर्मनमध्ये शेवटचे वाक्य एफीच्या बापाचे आहे. ती गेल्यावर आई विचारते की आपलेच काही चुकले का, लग्नाच्या वेळी ती फार लहान होती का. तो म्हणतो, ‘दास इस्ट आइन त्सू वाइटेस फेल्ट.’ शब्दशः ते शेत फार विस्तीर्ण आहे. मराठीत मी ते ‘ते रान फार मोठे आहे, लुईझ’ असे सांगते. हे त्याचे पालुपद पुस्तकभर येत राहते, आणि अवघड विषय आला की हा भला माणूस प्रत्येक वेळी त्याच वाक्याआड जातो. शेवटी ते वाचताना माझा घसा दाटून येतो.

वकील, ठाणे पश्चिम:

वरील उत्तर वाचून मलाही लिहावेसे वाटले. माझा रोजचा संबंध दिवाणी दाव्यांशी आणि त्यांतल्या मुदतीच्या प्रश्नाशी येतो, त्यामुळे हे पुस्तक वाचताना माझे लक्ष एकाच प्रकरणावर खिळले.

आनी जिन्यावर शर्यत लावताना पडते, कपाळाला खोक पडते, आणि पट्टी बांधायला कापड हवे म्हणून नोकराण्या एफीच्या शिवणाच्या टेबलाचा खण जबरदस्तीने उघडतात. दोरे, सुया, वाळलेली फुले, चिठ्ठ्या अशा सटरफटर वस्तू बाहेर पडतात, आणि त्यांत लाल रेशमी दोऱ्याने बांधलेली पत्रांची एक चळत असते. इनश्टेटेन ती वाचतो, आपला सहकारी व्युलर्सडॉर्फ याला बोलावतो, आणि मग दोघांमध्ये जे बोलणे होते ते माझ्या दृष्टीने कादंबरीचे काळीज आहे. व्युलर्सडॉर्फ विचारतो की इतक्या वर्षांनंतर हे करायलाच हवे का. आमच्या भाषेत सांगायचे तर हा दावा मुदतबाह्य झालेला नाही का? मुदतीचा प्रश्न त्या दोघांनी अक्षरशः याच अर्थाने चर्चेला घेतला आहे.

इनश्टेटेन काय सांगतो ते नीट वाचावे. आपल्या मनात द्वेष नाही, सूडाची तहान नाही, बायकोवर आपले अजून प्रेम आहे, आणि मनाच्या तळाशी तिला क्षमा करावीशी वाटते, हे सगळे तो कबूल करतो. तरीही तो म्हणतो की माणूस एकटा नसतो, तो एका समूहाचा भाग असतो, आणि आपल्यावर हुकूमत गाजवणाऱ्या त्या समाज नावाच्या ‘कशालातरी’ प्रेम, मोहकता आणि मुदत यांच्याशी काही देणेघेणे नसते. शिवाय, तो पुढे म्हणतो, तुम्हाला मी हे सांगितले त्याच क्षणी परतीची वाट बंद झाली, कारण आता हे जाणणारा दुसरा माणूस जगात आहे. व्युलर्सडॉर्फ थोडा वेळ येरझारा घालतो आणि मान्य करतो की मानाची ही पूजा मूर्तिपूजाच आहे, पण जोवर त्या मूर्तीला लोक मानतात तोवर आपल्यालाही झुकावे लागते. निकाल द्वंद्वयुद्धाच्या जागी लागत नाही, तो येथे लागतो. म्हणून समुद्राकाठच्या वाळूत झाडलेल्या गोळ्यांना काही ओळी पुरतात. त्या ओळींत मरता मरता क्राम्पासला काही सांगायचे असते, पण वाक्य पुरे होत नाही.

या कथेचा मूळ खटला प्रसिद्ध आहे, आणि फोंटानेने त्यात काय बदलले ते पाहिले की त्याची दृष्टी कळते. एलिझाबेथ फोन प्लोटो ही १८५३ साली जन्मलेली सरदारकन्या आर्डेने या अधिकाऱ्याची पत्नी होती, आणि हार्टविश नावाच्या न्यायाधीशाशी तिचे प्रेमसंबंध होते. १८८६ च्या नोव्हेंबरात आर्डेनेने त्याला द्वंद्वात जीवघेणे जखमी केले. नवऱ्याबायकोच्या वयात प्रत्यक्षात पाचच वर्षांचे अंतर होते, कादंबरीत ते एकवीस झाले. प्रत्यक्षात तो संबंध संपलेला नसतानाच पत्रे सापडली, कादंबरीत मध्ये वर्षे लोटली. म्हणजे मुदतीचा प्रश्न फोंटानेने स्वतः निर्माण केला. संताप, मत्सर, अपमान या सगळ्या सबबी त्याने इनश्टेटेनच्या हातून काढून घेतल्या आणि निव्वळ रिवाज शिल्लक ठेवला. आणि खरी एलिझाबेथ? ती एफीसारखी खंगून मेली नाही. घटस्फोटानंतर ती रुग्णसेवेकडे वळली आणि १९५२ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन वारली.

एक नोंद करतो. वाचकांनी, विशेषतः स्त्रियांनी, इनश्टेटेनला दुष्ट ठरवले याचे फोंटानेला वाईट वाटले होते. त्याच्या मते तो सर्व बाजूंनी उत्तम माणूस होता. मला यात लेखकाचा बचाव दिसत नाही. उत्तम माणसाकडूनही हे घडते, हाच तर कादंबरीचा आरोप आहे.

वाशीचे निवृत्त फार्मासिस्ट:

वरील दोन्ही उत्तरे मी सावकाश वाचली. मी वाशीत पस्तीस वर्षे औषधांचे दुकान चालवले आणि आता ते मुलाच्या हाती दिले आहे. फोंटानेकडे मी वळलो ते तो आमच्या व्यवसायातला होता म्हणून, आणि त्याचे आयुष्य माहीत असले की नौपाड्याच्या ताईंच्या प्रश्नाला आणखी एक बाजू मिळते.

त्याचा जन्म ३० डिसेंबर १८१९ चा, बर्लिनच्या वायव्येस असलेल्या नॉयरुप्पीन गावातला. घराणे मुळात फ्रान्समधून धर्मछळामुळे आलेल्या ह्युगनॉट लोकांचे. वडिलांचे औषधालय होते, पण जुगाराच्या नादात कर्ज झाले, दुकान विकावे लागले आणि १८२७ मध्ये कुटुंब स्विनेम्युंडे या बंदरात गेले. केसीनचे घाट, जहाजे आणि वाळूच्या टेकड्या तेथून आलेल्या आहेत. थिओडोर १८३६ मध्ये बर्लिनच्या एका औषधालयात उमेदवारीला लागला, लाइप्झिग आणि ड्रेस्डेन येथे नोकऱ्या केल्या, १८४७ मध्ये सर्वोच्च दर्जाची परीक्षा उत्तीर्ण झाला, परंतु स्वतःचे दुकान घेण्याइतके भांडवल त्याच्यापाशी कधीच जमले नाही. १८४८-४९ मध्ये तो बर्लिनच्या बेथानीन रुग्णालयात औषधे करीत असे आणि तेथील दोन सेविकांना औषधनिर्मिती शिकवीत असे. ते औषधालय आजही जतन केलेले आहे. त्यानंतर त्याने खलबत्ता ठेवला तो कायमचा.

पुढची तीस वर्षे त्याने लेखणीवर संसार ओढला. लंडनमध्ये १८५५ ते १८५९ प्रशियाच्या सरकारसाठी बातमीदारी केली. स्कॉटलंडमध्ये तळ्यातला एक जुना किल्ला पाहताना त्याला आपल्या प्रांतातले तळ्याकाठचे वाडे आठवले, आणि त्यातून मार्क ब्रांडेनबुर्ग या प्रदेशाच्या भटकंतीचे ग्रंथ उभे राहिले, त्यांचा पहिला खंड १८६२ चा. १८७० मध्ये फ्रान्समधील युद्ध पाहायला गेला असता जोन ऑफ आर्कच्या जन्मगावी हेर समजून त्याला पकडण्यात आले आणि ओलेरों बेटावर कैदेत ठेवले. सुटून आल्यावर वीस वर्षे नाट्यपरीक्षणे लिहिली. १८७६ मध्ये कला अकादमीच्या चिटणिसाची पगारी जागा मिळाली, ती त्याने काही महिन्यांतच सोडली, आणि पत्नी एमिलीला ते फार लागले. तिची बाजू मला पूर्ण पटते, कारण त्याची हस्तलिखिते स्वच्छ अक्षरात उतरवून काढणारीही तीच होती. पहिली कादंबरी १८७८ मध्ये आली तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता.

सांगण्याचे कारण हे की या माणसाने कादंबरी लिहिण्याआधी आयुष्यभर लोकांचे बोलणे ऐकले आणि टिपले होते. काउंटरच्या आत उभे राहणाऱ्याला हे लगेच कळेल. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करते, रोगाचे नाव कोणी घेत नाही, आणि तरी औषधावरून घरात काय चालले आहे ते आपल्याला समजते. मग आपण पुडी बांधून देतो आणि हवापाण्याविषयी बोलतो. तुम्ही ज्याला गाळणे म्हणता ती मला या सवयीचीच वाढ वाटते. केसीनमध्ये एफीशी निरपेक्ष मायेने वागणारा एकमेव माणूस कोण, तर गीसह्युब्लर नावाचा औषधवाला. तो तिला वर्तमानपत्रे पाठवतो, त्यांत वाचण्याजोगे काय आहे त्यावर खुणा करतो, भेटीला येताना संकोचतो. फोंटानेने आपल्या जुन्या धंद्याला दिलेली ही मानवंदना आहे, असे मी समजतो.

आणखी एक. १८९२ मध्ये तो इतका खचला होता की ‘एफी ब्रीस्ट’ बाजूला पडली. डॉक्टरने सांगितले की मोठे काम जमत नसेल तर लहानपणच्या आठवणी लिहा. त्याने स्विनेम्युंडेच्या आठवणी लिहिल्या, त्या लिहितालिहिता बरा झाला, आणि मग केसीनकडे परत गेला. इतके गुणकारी औषध मी पस्तीस वर्षांत कोणाला दिल्याचे आठवत नाही.

नौपाड्याची वाचक:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी आनीच्या भेटीचे प्रकरण पुन्हा वाचले. तीन वर्षांनी मुलगी आईला भेटायला येते, आणि एफी जे जे सुचवते त्यावर ती शिकवलेल्या पोपटासारखी एकच उत्तर देते, ‘हो, परवानगी मिळाली तर.’ तीनदा तेच. पहिल्या वाचनात मला येथे फक्त रडू आले होते. या वेळी लक्षात आले की ते वाक्य मुलीला शिकवतानाचा प्रसंगही लेखकाने दाखवलेला नाही, आणि तरी इनश्टेटेन त्या खोलीत उभा असल्यासारखा जाणवतो.

आमच्यातल्या एकीने हरिभाऊ आपट्यांची यमू आठवून दिली. त्याच दशकात पुण्यात ‘करमणूक’ मधून तिची कहाणी क्रमशः येत होती. यमू स्वतः बोलते, सगळे सांगते, आपल्याला हाक मारून विचारते. एफीला तसे बोलू दिलेले नाही. दोघींना शेजारी ठेवून एक शनिवार बोलायचे ठरले आहे. फोंटानेची पुढची कोणती घ्यावी? ‘डेर श्टेशलीन’चे नाव ऐकले आहे.

जर्मन शिकवणारी, ठाणे:

‘डेर श्टेशलीन’ लगेच घेऊ नका. ते त्याचे शेवटचे पुस्तक, १८९८ मधले, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो गेला. पाचशे पानांत एक म्हातारा मरतो आणि दोन तरुण लग्न करतात, याखेरीज फारसे काही घडत नाही, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. त्या बोलण्यातली गोडी लागायला त्याच्या आवाजाची सवय व्हावी लागते. आधी लेनेची गोष्ट घ्या. त्यात बोथो फुलांचा गुच्छ बांधायला दोरा मागण्याऐवजी तिचा एक केस मागतो. केसाने बांधलेले सुटत नाही, असे ती त्याला आधीच सांगते, पण तो हट्ट धरतो. पुढे श्रीमंत बायको घरात आल्यावर तो तो गुच्छ आणि लेनेची पत्रे जाळतो. म्हणजे तुमच्या सातजणींना जे एफीने करायला हवे होते असे वाटले, ते येथे एकजण करतो. राख झाल्यावर तो स्वतःला काय विचारतो, ते वाचून कळवा.